नातेवाईकाची खुर्ची

"काळजी करू नका मावशी, पेशंट शुद्धीवर आलाय," अनुसया तेलंगे म्हणाली. "मघाशी त्यानं पाणी मागितलं. डॉक्टरांनी चमच्यानं पाजलंय. आई कुठं आहे, म्हणून विचारत होता."

तिच्यासमोर मावशी बनून बसलेली तिची वर्गमैत्रीण हे ऐकून इतकी सुखावली की तिनं खरोखरच हात जोडले. मागच्या बाकावर कुणीतरी हुश्श केलं. मी हातातली घंटी टेबलावर आपटली.

"पेशंट गेलाय, अनुसया," मी म्हणाले. "कागदावर स्वच्छ लिहिलंय. दवाखान्यात आणायच्या आधीच गेलाय. गेलेल्या माणसानं पाणी कसं मागितलं?"

वर्ग खो खो हसला. अनुसया मात्र हसली नाही. आपण काय बोललो ते तिला जणू आत्ताच कळत होतं. ती उठून उभी राहिली, ॲप्रनच्या खिशात हात घातला, बाहेर काढला आणि म्हणाली, "सॉरी मॅडम. पुन्हा करते."

पुन्हा केलं तेव्हा पेशंटनं डोळे उघडले होते. तिसऱ्या वेळी त्याला पुढच्या दवाखान्यात हलवत होते. ती खोटं इतकं सफाईनं बोलायची की मला तिचा राग येत होता आणि नवलही वाटत होतं.

ही लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजातली गोष्ट. बरीच वर्षं झाली. मी तिथं शेवटच्या वर्षाला शिकवत होते. त्याआधी पुण्याला एका कार्यशाळेला गेले होते आणि तिथून एक खूळ डोक्यात घेऊन आले होते: नर्सनं माणसांशी कसं बोलावं हे फळ्यावर लिहून शिकवायचं नाही. एकीनं नर्स व्हायचं, एकीनं पेशंट किंवा नातेवाईक, बाकीच्यांनी बघायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्यावर बोलायचं. स्टाफरूममध्ये याला 'निटुरे मॅडमची नाटक कंपनी' असं नाव पडलं. प्राचार्य भेटले की विचारायचे, "आज कोणता प्रयोग? आणि पोर्शन कधी संपणार?" मी पोर्शनही वेळेत संपवायचे, त्यामुळे त्यांना पुढे बोलता यायचं नाही.

नाटक कंपनीची खरी नायिका होती शेवंताबाई. ती आमच्या शेजारच्या दवाखान्यातली आया, पन्नाशीची आणि अंगानं भरलेली. इंजेक्शनला घाबरणारा पेशंट, गोळ्या उशीखाली दडवणारी म्हातारी, बाळंतिणीला पाणी पिऊ न देणारी सासू, सगळं ती असं वठवायची की मुलींना घाम फुटायचा. सासूचं काम तर तिच्या खास आवडीचं. "माझ्या सासूनं जे जे केलं ते सगळं आता कामाला आलं बगा," असं म्हणायची.

पण सगळ्यात अवघड धडा होता मृत्यूची बातमी सांगण्याचा. तिथं मी कुणाचं ऐकत नसे. 'सीरियस आहे', 'प्रयत्न चालू आहेत', 'देवावर भरवसा ठेवा' यातलं एकही वाक्य चालायचं नाही. बसून, डोळ्यांकडे बघून, साध्या शब्दांत सांगायचं की तुमचं माणूस गेलं. त्याला कारण होतं. मी नवीन असताना अपघात विभागात एक गृहस्थ दुपारभर शहाळं हातात धरून उभा होता. आत त्याचा भाऊ केव्हाच गेला होता. डॉक्टर म्हणाले सिस्टर सांगतील, सिस्टर म्हणाल्या डॉक्टर सांगतील, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, की शहाळं आता द्यायचं की नंतर. तेव्हापासून या बाबतीत मी हट्टी झाले ती झालेच.

आणि नेमकं हेच अनुसयाला जमत नव्हतं. बाकी सगळ्यात ती पुढे. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्याला सुई लावायची असली की वॉर्डातल्या सिस्टर तिला हाक मारायच्या. नाव जुन्या वळणाचं, म्हणून मुली तिला 'आजी' म्हणायच्या आणि ती ते खेळकरपणे घ्यायची. पण त्या खुर्चीसमोर बसली की तिचे पेशंट मरायला तयारच व्हायचे नाहीत.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मी तिला वर्गानंतर थांबवून घेतलं.

"हे बघ," मी म्हणाले, "अंतिम प्रात्यक्षिकात हा प्रसंग असणार, आणि त्यात तू नापास झालीस तर बाकीचं सगळं येऊन उपयोग नाही. पुन्हा सहा महिन्यांनी बसावं लागेल. मी काही पदरचे मार्क देणार नाही."

"माहीत आहे, मॅडम." ती टेबलावरच्या, सरावासाठी ठेवलेल्या पुतळ्याची चादर नीट करत होती. "काका म्हणालेत, एकदा नापास झालीस की बास. घरी यायचं. एक स्थळपण बघून ठेवलंय त्यांनी."

"मग अडतं कुठं? चार शब्द तर आहेत."

चादरीवरचा हात न काढता तिनं सांगायला सुरुवात केली.

ती अकरावीत असताना तिचा मोठा भाऊ व्यंकट पुण्याला एका कंपनीत होता. वडील लहानपणीच गेलेले, घरी आई आणि ती. एके दिवशी पहाटे काकांच्या फोनवर निरोप आला. रात्रपाळी करून येताना व्यंकटला ट्रकनं उडवलं होतं. तो जागीच गेला होता.

"आमच्याकडे असं लगेच सांगत नाहीत, मॅडम. लांबचा प्रवास असला तर नाहीच. सीरियस आहे, चला, एवढंच म्हणतात. काका मला गोठ्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, तुला सांगायलाव, पर तुझ्या आईला कळू द्यायचं न्हाई. गाडीत तिनं जीव सोडला तर आपण काय करावं? तू तिच्याजवळ बस."

"आणि तू बसलीस."

"काका पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले. मी आईजवळ. उदगीर सोडल्यापासून आई विचारायला लागली. फोन आला का, डॉक्टर काय म्हणतात. मी आधी नुसतं 'बरं आहे' म्हणत होते. पण ती विचारतच राहिली. मग मी म्हणाले, शुद्धीवर आलाय. मग म्हणाले, पाणी मागितलं. बार्शीला चहाला गाडी थांबली तोवर मी त्याला उशीला टेकवून बसवला होता, मॅडम."

खिडकीबाहेर मुली मेसकडे निघाल्या होत्या, त्यांचा गलका येत होता.

"पुण्यात पोचलो तेव्हा सगळं बांधून तयार होतं," ती म्हणाली. "आई काहीच बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्या दंडाला धरून उभी होती. मला वाटलं, मी दिवसभर जे सांगत आले त्याच्यामुळे तिला असं झालं. आशा लावून लावून तिला तिथं नेलं मी."

"मग नंतर कधी सांगितलंस तिला? तुला ठाऊक होतं म्हणून?"

"कसं सांगू? तिला वाटतं मलापण ठाऊक नव्हतं. काका फोनवरचं म्हणून मला खोटंच सांगत होते आणि मी तेच तिला सांगत होते, असं तिला वाटतं. आम्ही त्याच्यावर कधी बोललोच नाही."

मी तिच्याजवळ गेले, पण मला लोकांच्या पाठीवर हात ठेवणं तेव्हा फारसं जमायचं नाही. मी म्हणाले, "म्हणूनच तुला हे आलं पाहिजे. तुझ्या त्या दिवसासारखा दिवस दुसऱ्या कुणाला येऊ नये म्हणून."

"तो दिवस वाईट होता हे मला अजून नक्की ठरवता येत नाही, मॅडम," ती म्हणाली. "ती बार्शीपर्यंत तरी सुखात होती ना?"

मला शहाळं धरून उभा असलेला तो गृहस्थ आठवत होता आणि पहिल्यांदाच मी त्याच्या शहाळ्याकडे नीट बघत होते: ते हातात होतं तोवर भाऊ त्याच्यापुरता जिवंत होता.

परीक्षेच्या दिवशी सोलापूरहून बाह्य परीक्षक आल्या, शहापुरे मॅडम. उंच, कडक इस्त्रीची पांढरी साडी, घड्याळ उजव्या हातात. आल्या आल्या त्यांनी खोलीतला पुतळा, हात धुण्याची जागा, दोन खुर्च्या सगळं बघून घेतलं आणि प्रसंगाचं बंद पाकीट फोडलं. तरुण मुलगा, मोटारसायकलचा अपघात, दवाखान्यात आणण्यापूर्वी मृत्यू. बाहेर आई थांबली आहे. तिला सांगा.

"आई कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी शेवंताबाईला बोलावलं. तिनं नवं पातळ नेसलं होतं. मी तिला प्रसंग समजावून सांगायला लागले तसा तिचा चेहरा बदलला.

"मुलगा गेला म्हणून मुली मला सांगणार?"

"हो. खोटंखोटंच."

"न्हाई मॅडम." ती दोन पावलं मागे सरली. "मला दोन लेकरं हायत. असलं अभद्र मी खोटंबी ऐकून घेणार न्हाई."

"शेवंताबाई, आजवर इतकी कामं केलीत."

"ते दुखण्याचं हुतं. ह्ये न्हाई."

शहापुरे मॅडमनी घड्याळ बघितलं. मी आवाज खाली आणून विचारलं, "नवरा म्हणून सांगितलं तर?"

"अवो काय बोलायलाव तुम्ही!" शेवंताबाईनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं. मग थोडा विचार करून म्हणाली, "सासू चालंल. सासू गेली मनून सांगा, बसते मी दिवसभर."

पण कागदावर सासू नव्हती, मुलगा होता, आणि शहापुरे मॅडम कागदाबाहेर जाणाऱ्यातल्या नव्हत्या. मी दुसऱ्या आयांकडे गेले. एकीचा मुलगा सीमेवर होता, तिला विचारायचीच मला लाज वाटली. दुसरीनं ऐकताच कानाला हात लावले. झाडू मारणारी बाई तर मला पाहूनच जिन्यानं खाली गेली. बातमी माझ्या पुढे पळत होती. मी इतकं सगळं शिकवलं होतं, पण या खुर्चीत कुणी बसेल का, याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. वर्गात मुली एकमेकींसमोर बसायच्या, आणि त्यांना अजून मुलं नव्हती.

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एक बाई बसली होती. सावळी, बारीक, मांडीवर कापडी पिशवी. माझी धावपळ ती मघापासून बघत असावी. मी जवळून जाताना ती म्हणाली, "मी बसू का बाई?"

"तुम्हाला काय काम आहे ते माहीत आहे का?"

"कळालं की. पोरी सांगणार, लेक गेला मनून. आपण ऐकायचं." तिनं पिशवी बाकाच्या कडेला सरकवली. "मी बसते. माझं जायचं ते गेलेलं हाय."

"तुम्ही कुणाच्या?"

"अनुसयाची आई. आज परीक्षा संपली की तिला न्यायला आलाव."

मी नाही म्हणायला हवं होतं की नव्हतं, हे मी आजही कुणाला सांगू शकणार नाही. पण आत परीक्षक घड्याळ बघत होत्या, पलीकडच्या खोलीत वर्गातल्या सगळ्या मुली ॲप्रन घालून थांबल्या होत्या, आणि मी मनात पटकन हिशोब केला. तेलंगे म्हणजे आडनावानं जवळजवळ शेवटी. तिच्या वेळी या बाईंना बाहेर बसवू आणि मी स्वतः खुर्चीत बसेन.

गंगूबाई तेलंगे खुर्चीत बसल्या. मांडीवर हात ठेवून, पाठ न टेकता. पहिली मुलगी आली, एका दमात सांगून टाकलं. गंगूबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं."

मुलगी गोंधळून गेली. ती रडण्याची तयारी करून आली होती, समोरची रडल्यावर काय करायचं ते तिला पाठ होतं. 'बरं'ला काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरीच्या वेळीही तेच. तिसरी गेल्यावर शहापुरे मॅडम माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "या बाई रडत नाहीत."

गंगूबाईंनी ऐकलं. "रडायचं हाय का?" त्यांनी साधेपणानं विचारलं. "सांगा तसं."

"नको," मी म्हणाले. "तुम्हाला येईल तसं करा."

सकाळभर त्या बसून राहिल्या. मुली यायच्या, सांगायच्या. कुणी फार हळू बोलायची, तर कुणी फार भरभर. एकीनं शब्द उच्चारला आणि तिलाच रडू फुटलं, तेव्हा गंगूबाईंनीच तिला पाण्याचा पेला दिला. मधल्या वेळेत मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि बशी स्वतः धुऊन ठेवली.

तेलंगेच्या आधीची मुलगी बाहेर पडली तेव्हा मी उठले. "गंगूबाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. आता मी बसते."

"कशासाठी?" शहापुरे मॅडमनी विचारलं.

"पुढची मुलगी त्यांची आहे."

"तर मग दुसरी व्यक्ती आणा. अंतर्गत परीक्षक स्वतः नातेवाईक होऊ शकत नाही. मार्क कोण देणार?"

"दुसरी कुणी मिळत नाही. सकाळी बघितलंत ना तुम्ही."

"मग तिची परीक्षा पुढच्या फेरीत घ्या. सहा महिन्यांनी."

हे आमचं बोलणं चालू असतानाच दार उघडलं आणि अनुसया आत आली. बाहेर तिला कुणी सांगितलं नसावं. ती दोन पावलं आली आणि खुर्चीकडे बघून जागीच थांबली.

"तू कशाला बसलीस?" ती आईला म्हणाली.

"कुणी बसंना गेलं. ही बाई बिचारी पळायली."

अनुसयानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता की काय होतं, मला कळलं नाही. मी तिला सरळ सांगितलं, "तुला नको असेल तर नको. तुला पुढच्या फेरीत बसता येईल. तुझ्या काकांशी मी स्वतः येऊन बोलेन. यात तुझी काही चूक नाही."

ती आईकडे बघत राहिली. आई तिच्याकडे. मला वाटलं, ती आता वळून निघून जाईल, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी सांगते, मॅडम," ती म्हणाली.

ती बाहेर गेली. दार लावून घेतलं. मग दारावर टकटक झाली आणि ती पुन्हा आत आली, या वेळी नर्स होऊन. खुर्ची ओढून आईच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"नमस्कार मावशी. मी सिस्टर तेलंगे. तुमच्या मुलाला आज सकाळी इथं आणलं."

"व्हय." गंगूबाई तिच्याकडे बघत होत्या.

"अपघात मोठा होता. त्याला आणलं तेव्हा…" ती थांबली. तिच्या ओठांवर ते सगळं आलेलं मला दिसत होतं, शुद्धीवर, पाणी, उशी. माझी बोटं घंटीवर होती आणि ती वाजवायची की नाही हे मला कळत नव्हतं.

"काय झालं माझ्या लेकराला?" गंगूबाईंनी विचारलं. सकाळपासून त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

"तो गेला," अनुसया म्हणाली. "त्याला आणलं तेव्हाच तो गेलेला होता." तिनं डोळे आईवरून हटवले नाहीत. "मला पहाटेपासून ठाऊक होतं, आई. काकांनी मला गोठ्याकडे नेऊन सांगितलं होतं. मी तुला गाडीत सगळं खोटं सांगत होते."

शहापुरे मॅडमचा पेन कागदावर थांबला.

गंगूबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. "मलाबी ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगंल कोण? निघताना तुझ्या काकीनं हातात बिस्किटाचा पुडा दिला. एवढा लांबचा रस्ता, आन् भाकरी बांधून दिली न्हाई. मी वळून बघितलं तर भावकीत एकाच्याबी घरी चूल पेटली नव्हती. सकाळची येळ, आन् कुठंच धूर न्हाई. मग कळायला काय ऱ्हायलं?"

अनुसया म्हणाली, "मग तू मला वाटभर विचारत का होतीस?"

"तू बोलावंस मनून. कवळं लेकरू तू, एवढं मोठं पोटात घिऊन बसलेली. तोंड बघितलं न्हाई का मी तुझं? गप बसली असतीस तर तुलाच काय झालं असतं मनून भ्या वाटलं मला. मी इचारायचे, तू सांगायचीस. तेवढाच आपला रस्ता कटला."

मी शहापुरे मॅडमकडे बघितलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नयेत असं मला वाटत होतं. वाटभर दोघी एकमेकींसाठी नाटक करत बसल्या होत्या, आणि ते कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अनुसयानं मोकळ्या हातानं डोळे पुसले. ती सरळ बसली. मला वाटलं संपलं, पण तिचं काम संपलं नव्हतं. तिनं पुन्हा सिस्टरचा आवाज लावला, तो थोडा घोगरा झाला होता एवढंच.

"मावशी," ती म्हणाली, "आत्ता तुमच्यासोबत कोण आहे? कुणाला बोलावू का?"

"कुणाला बोलावतीस," गंगूबाई म्हणाल्या. "तू हाईस की."

घंटी मी वाजवलीच नाही. अनुसया स्वतःच उठली, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आम्हा दोघींना नमस्कार केला आणि बाहेर गेली. शहापुरे मॅडमनी कागदावर काही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"तुम्ही संवाद लिहून दिले होते का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "स्वतःच्या घरचं बोलली, ते नियमात बसत नाही. तिथं कापते. बाकी स्पष्ट सांगितलं, जवळ बसून सांगितलं, सोबतीचं विचारलं. पास आहे ती."

बाहेर अजून दोन मुली राहिल्या होत्या. शहापुरे मॅडमनी आवाजात शक्य तेवढी मऊ पट्टी आणली आणि गंगूबाईंना म्हणाल्या, "बाई, आणखी थोडा वेळ बसाल ना? दोनच उरल्यात."

गंगूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पदरानं त्यांनी तोंड पुसलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या थकलेल्या दिसत होत्या.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आता माझ्यानं ऐकवणार न्हाई. दुसरं कुणी बघा."

त्या गेल्यावर खुर्ची रिकामी राहिली. मी शहापुरे मॅडमकडे बघितलं. त्यांनी नियमाचं काही काढलं नाही, उलट माझ्यासमोरचा मार्कांचा कागद स्वतःकडे ओढून घेतला. मी जाऊन बसले. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, सकाळची शाळा करून घरी आजीजवळ जेवत असेल त्या वेळी.

मुलगी आत आली, नमस्कार केला, जवळ बसली, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि साध्या, स्पष्ट शब्दांत मला सांगितलं की तुमचा मुलगा गेला. तिचं कुठं काही चुकलं नाही. शब्द सगळे मीच शिकवलेले होते, पण ते ऐकायला बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी नुसता हात पुढे केला, आणि त्या मुलीनं तो धरला.